३७ दुरुस्त्या आणि सहा शनिवार: टीका झेलायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाबद्दल

माझी फाइल परत आली तेव्हा तिच्यात ३७ दुरुस्त्या होत्या.

मी गेली १९ वर्षं वैद्यकीय मजकुराचा मराठी अनुवाद करते. औषधांसोबतची माहितीपत्रकं, शस्त्रक्रियेआधीची संमतिपत्रं, घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात द्यायच्या सूचना. ही फाइल तपासणारी मुलगी या कामात तीन वर्षांपूर्वी आलेली. फाइल उघडून पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात तिच्याविषयी माझं मत पक्कं झालं होतं: हिला स्वल्पविरामांची हौस आहे, भाषा पुस्तकी आहे, आजारी माणसाशी ही कधी बोललेली दिसत नाही. त्या संध्याकाळी दोन तास बसून मी तिला उत्तर लिहिलं. 'करावे' की 'करा', शब्दांचा क्रम, अनुस्वार, अशा ३१ मुद्द्यांवर मी माझी बाजू मांडली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माझं बरोबरही होतं.

बाविसाव्या दुरुस्तीला मी उत्तर दिलं नाही. नजर तिच्यावरून गेली आणि पुढे सरकली. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना हे औषध देऊ नये, असं मूळ मजकुरात होतं. मी लिहिलं होतं, 'सावधगिरीने द्यावे'.

ती चूक तिने पकडली म्हणून छपाईला गेली नाही. पण ती चूक माझी आहे हे मला दिसायला आणखी काही आठवडे जावे लागले, आणि ते दिसलं ते ज्या वर्गामुळे, त्याच्याविषयी हे लिहिते आहे. वर्गाचं नाव देत नाही, कारण काही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांना थेट कळवली आहे. पण असे वर्ग आता बरेच निघाले आहेत. कुणी असा वर्ग लावायचा विचार करत असेल तर नेमकं काय बघून घ्यावं, हे या अनुभवावरून सांगता येईल.

स्वरूप साधं होतं. सहा आठवडे, दर शनिवारी दीड तास, संगणकावर समोरासमोर. आम्ही अकरा जण होतो. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नव्हती आणि बोलणं ध्वनिमुद्रित केलं जात नव्हतं, हे मला आवडलं. या विषयावर माणूस तेव्हाच खरं बोलतो. शनिवारच्या मधल्या दिवसांत हाताने लिहायची एक वही, फोनवर एक ॲप, आणि शेवटी मार्गदर्शक बाईंशी ४० मिनिटांचं एकटीने बोलणं. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागले. जाहिरातीत 'आत्मविश्वास वाढवा' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात वर्ग त्याबद्दल नव्हताच, आणि ते फार बरं झालं.

पहिल्या दिवशी एक प्रश्नावली भरून घेतली. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तयार केलेली, दहा विधानांची, आत्मसन्मान मोजायला जगभर वापरली जाणारी. मला ४० पैकी २९ आले आणि मी मनातल्या मनात खूश झाले. ताईंनी लगेच सांगितलं की हा आकडा जास्त असणं म्हणजे माणूस टीकेने हलत नाही असं नव्हे. मायकेल कर्निस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की स्वतःबद्दलचं मत किती उंच आहे आणि ते किती स्थिर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचं मत उंच, पण रोजच्या घटनांनी खालीवर होणारं, त्यांच्यात राग आणि वैर सर्वांत जास्त आढळलं. ताई हे बोलत असताना मला माझ्या उत्तरातलं एक वाक्य आठवलं: 'आपला अनुभव पाहता या सूचना कितपत गांभीर्याने घ्याव्यात हा प्रश्न आहे.' हे मी त्या मुलीला लिहिलं होतं. ती वाचताना एकटी असेल, असा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

पहिल्या आठवड्यातलं वहीचं काम माझ्या मते या वर्गातली सर्वांत उपयोगी गोष्ट. काही झोंबलं की लिहायचं: किती वाजले, काय झालं, शरीरात आधी कुठे जाणवलं, आणि मनात आलेलं पहिलं वाक्य. बस. कारण शोधायचं नाही, सुधारायचं नाही. 'मी अशी का वागते' हे लिहायला तर स्पष्ट मनाई होती, कारण तिथून माणूस पुन्हा वकिली सुरू करतो.

सात दिवसांत माझ्या १७ नोंदी झाल्या. इतक्या होतील असं मला वाटलं नव्हतं. त्यातल्या नऊ नोंदींमध्ये पहिलं वाक्य दुसऱ्या कुणावर किंवा कशावर तरी खापर फोडणारं होतं: मुदत कमी होती, मूळ मजकूरच वाईट होता, स्क्रीनवर वाचायला दिलं. चार ठिकाणी मी सांगणाऱ्यालाच लहान करून टाकलं होतं. दोन ठिकाणी 'मला ते हवंच कुठे होतं'. उरलेल्या दोन ठिकाणी वाक्यच नव्हतं. मी खोलीतून उठून दुसऱ्या कामाला लागले होते. शरीरातली जागा मात्र जवळपास प्रत्येक वेळी एकच: कानांच्या मागे गरम. आता ती खूण मला वाक्याच्या आधी कळते. दोन-तीन सेकंदांचं अंतर असतं, पण तेवढं पुरतं.

या नोंदी वाचताना जाणवलं की यातल्या प्रत्येक प्रकाराला आपल्या भाषेत म्हण आहे. नाचता येईना अंगण वाकडं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पडलो तरी नाक वर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मन कसं स्वतःला सावरून घेतं याचं निरीक्षण बोलणाऱ्यांनी किती आधी करून ठेवलं आहे! पण या म्हणी आपण नेहमी समोरच्याला उद्देशून वापरतो. 'माझंच अंगण वाकडं' असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. वर्गात मी हे बोलले तेव्हा एका गृहस्थांनी वहीच्या प्रत्येक नोंदीपुढे योग्य ती म्हण लिहायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी म्हणाले, ''लाज वाटायची कमी झाली. एवढ्या लोकांना होतं म्हणूनच म्हण झाली ना?''

दुसरा आठवडा सबबींचा होता, पण नंतर सांगायच्या सबबींचा नव्हे, आधीच तयार करून ठेवलेल्या. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा १९७८ चा प्रयोग ताईंनी सांगितला. काही विद्यार्थ्यांना उत्तरच नसलेले प्रश्न दिले आणि वर सांगितलं की तुम्ही उत्तम केलंत. यश मिळालं, पण कशामुळे ते कळत नाही, अशी अवस्था. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधांपैकी एक निवडायला सांगितलं: एकाने बुद्धी तल्लख होते, दुसऱ्याने मंदावते. औषध प्रत्यक्षात द्यायचं नव्हतंच, निवड काय होते एवढंच बघायचं होतं. ज्यांना आपल्या यशाची खात्री नव्हती अशा मुलग्यांनी मंदावणारं औषध जास्त निवडलं. पुढे अपयश आलंच तर ते औषधाचं, आपलं नाही.

मी मुदतीच्या आदल्या रात्री काम करणारी बाई आहे. 'दडपणाखाली माझं काम चांगलं होतं' हे मी इतकी वर्षं अभिमानाने सांगत आले. त्या माहितीपत्रकासाठी मला नऊ दिवस होते. मी शेवटच्या दोन रात्रींत केलं. चांगलं झालं असतं तर दोन रात्रींत केलं म्हणून जास्त कौतुक, वाईट झालं तर दोन रात्रींत केलं म्हणून माफी. दोन्हीकडून माझी प्रतिमा शाबूत. मध्ये तो मूत्रपिंडाचा रुग्ण. कामाच्या एकोणिसाव्या वर्षीही मला भीती आहे की पूर्ण वेळ देऊन, पूर्ण लक्ष देऊन केलेलं काम कमी पडलं तर सांगायला काहीच उरणार नाही, हे मी त्या शनिवारी रात्री वहीत लिहिलं. कुणाला वाचून दाखवलं नाही.

याच आठवड्यात आमच्यातली एक जण वर्ग सोडून गेली, आणि इथे माझी पहिली तक्रार आहे. तिच्या मनावर आधीच मोठा घाव होता, आणि रोज झोंबणाऱ्या गोष्टी लिहून काढताना ती आणखी खचत चालली होती. ताईंनी तिला सर्वांसमोर काही विचारलं नाही, वेगळं बोलल्या आणि मानसोपचाराकडे वळायला मदत केली. पुढे तिने स्वतः आम्हाला तसं कळवलं. ताईंचं चुकलं नाही. पण प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात फक्त तीन प्रश्न होते आणि त्यातला एकही 'सध्या तुमचं मन कसं आहे' हे विचारणारा नव्हता. मनाने उभं केलेलं प्रत्येक कुंपण काढायचं नसतं. शेली टेलर आणि जोनाथन ब्राउन यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं की स्वतःबद्दलचे थोडे गोड गैरसमज निरोगी माणसांतही असतात आणि ते जगायला मदत करतात. या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, पण एवढं खरं की कोसळण्याच्या बेतात असलेल्या माणसाच्या हातातली काठी 'ती खोटी आहे' म्हणून काढून घेऊ नये. असा वर्ग घेणाऱ्याने दारातच हे विचारायला हवं.

तिसरा आठवडा मला सर्वांत जड गेला.

अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ यांच्या १९८० च्या प्रयोगात लोकांना शब्द ओळखण्याचा खेळ दिला होता. समोरच्याला ओळखता यावं म्हणून सूचक शब्द द्यायचे, सोपे किंवा अवघड, आपल्या मर्जीने. ओळखणाऱ्यांत एक आपला मित्र, एक अनोळखी. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सोपे शब्द दिले. यातून महत्त्वाची बौद्धिक क्षमता कळते असं सांगितलं, तेव्हा मित्राला अनोळखी माणसापेक्षाही अवघड शब्द दिले. जवळचं माणूस आपल्याच क्षेत्रात पुढे गेलं की ते आपलं मोजमाप होऊन बसतं. परक्याचं यश तेवढं अंगावर येत नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं: मानसशास्त्र कुणाला आपल्यापेक्षा जास्त येत असेल तर त्यांना ते सहन व्हायचं नाही, ग्रीक भाषा अजिबात येत नाही याचं मात्र काहीच वाटायचं नाही.

माझी एक मैत्रीण आहे. कॉलेजपासूनची. ती आधी कायद्याच्या मजकुराचा अनुवाद करायची. चार वर्षांपूर्वी वैद्यकीय कामाकडे वळली. तेव्हा मला म्हणाली, ''अगं, तुझी ती शब्दसूची पाठवशील का? मी शून्यातून सुरुवात करते आहे.'' माझ्याकडे एवढ्या वर्षांत जमवलेली साडेचार हजार शब्दांची सूची आहे. कोणता शब्द कुठे चालतो, कुठे घात करतो, रुग्णांना कोणता कळत नाही, याच्या टिपांसह. मी तिला म्हटलं, ''पाठवते, पण अजून नीट लावलेली नाही गं.'' आणि जुनी, बाराशे शब्दांची, टिपा नसलेली सूची पाठवली. त्याच वर्षी एका अनोळखी विद्यार्थिनीने ईमेल करून मार्गदर्शन मागितलं होतं. तिला मी पूर्ण सूची दिली. तिला टिपा समजावायला दोनदा फोनवर तासभर बोललेसुद्धा.

या दोन गोष्टी मी चार वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ताईंनी प्रयोग सांगून संपवला आणि त्या आपोआप शेजारी येऊन बसल्या. मी कॅमेरा बंद केला. नंतर मला वाटलं होतं की ताई काही विचारतील, पण त्यांनी विचारलं नाही. सत्राच्या शेवटी सगळ्यांना उद्देशून एवढंच म्हणाल्या की यावर आज काही करू नका. आज केलंत तर स्वतःला बरं वाटावं म्हणून कराल. अनेक ठिकाणी लगेच 'आत्ताच्या आत्ता फोन लावा' असं सांगतात. इथे सांगितलं नाही, याचं मला आजही मोल वाटतं.

चौथ्या आठवड्यात वर्गाचा गाभा आला, आणि इथे अनुवादक म्हणून थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. दिलेल्या पुस्तिकेत 'सेल्फ-अफर्मेशन'साठी 'आत्मपुष्टी' असा शब्द होता. तो वाचून अर्ध्या लोकांना वाटलं की आरशासमोर उभं राहून स्वतःची स्तुती करायची. बोलताना ताई वेगळे शब्द वापरत: 'पाय रोवायला दुसरी जागा'. ते पुस्तिकेत असायला हवे होते, कारण कल्पना नेमकी तीच आहे. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही गोष्ट अशी, की माणसाला प्रत्येक आरोपाचं उत्तर द्यायचं नसतं. आपण एकंदरीत धड माणूस आहोत एवढं त्याला सांभाळायचं असतं. एका बाजूने त्या समजुतीला धक्का बसला तर दुसऱ्या, अगदी वेगळ्या बाजूने तिला आधार मिळाला तरी पुरतो. मग धक्का देणारी गोष्ट ढकलून द्यायची गरज उरत नाही. ती नुसती बघता येते.

डेव्हिड शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे आरोग्याच्या माहितीवर तपासलं. कॅफिनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडणारा लेख स्त्रियांना वाचायला दिला. कॅफिन घेणाऱ्यांना तो पटायला जड गेला, साहजिकच. पण ज्यांनी आधी स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यावर लिहिलं होतं, त्यांनी तोच लेख जास्त मोकळेपणाने स्वीकारला. लेख पटवून द्यायला कुणी जास्त मेहनत घेतली नव्हती. वाचणारीच्या पायाखाली जमीन होती, एवढाच फरक.

जेफ्री कोहेन यांचा २००६ चा अमेरिकेतल्या शाळेतला अभ्यास यातला सर्वांत गाजलेला. सातवीच्या मुलांनी शालेय सत्राच्या सुरुवातीला साधारण १५ मिनिटं आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यांवर लिहिलं. तुमच्या लोकांना हे जमत नाही, हा समज ज्यांच्या मागे सतत लागलेला असतो अशा कृष्णवर्णीय मुलांचे गुण त्यानंतर वाढले आणि गोऱ्या वर्गमित्रांशी असलेलं अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. ताईंनी हेही सांगितलं की पुढे इतर शाळांत तोच प्रयोग केला तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी नाही. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसला.

आम्हालाही १५ मिनिटं दिली. अट एकच: जिथे झोंबलं त्या क्षेत्राबद्दल लिहायचं नाही. मी अनुवादाबद्दल, भाषेबद्दल, कामाबद्दल लिहायचं नव्हतं. मग लिहू काय? पाच मिनिटं कागद कोराच होता. मला पहिल्यांदाच कळलं की मी कोण आहे याचं उत्तर किती वर्षं एकाच ठिकाणी ठेवून बसले आहे. मग आत्या आठवली. तिची दृष्टी गेल्यापासून दर रविवारी मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. वाचताना ती मध्येच थांबवते, ''परत वाच गं तेवढं,'' म्हणते, आणि मी परत वाचते. घाई नाही, कुणी तपासत नाही. तिथे मी चांगली आहे की वाईट, हा प्रश्नच नसतो. ती ऐकत असते आणि मी वाचत असते. एवढंच लिहिलं. वाचून दाखवायची सक्ती नव्हती.

मग ताई म्हणाल्या, आता तुम्ही टाळत आलेली एक गोष्ट उघडा. मी ती फाइल उघडली. ३७ दुरुस्त्या होत्याच. या वेळी बावीसपाशी थांबले. 'देऊ नये.' 'सावधगिरीने द्यावे.' दोन्ही वाक्यं एकाखाली एक. कानांमागे गरम झालं नाही. पोटात धस्स झालं. ज्याला ते औषध चालत नाही अशा माणसाच्या हातात माझं वाक्य गेलं असतं तर, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. फाइल परत आल्यापासून दीडेक महिना माझ्या डोक्यात फक्त माझं काय, हे चाललं होतं आणि त्यात त्या रुग्णाला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला लिहिलं. लांब नाही. बावीसबद्दल आभार, ३१ पैकी १४ मुद्दे मागे घेते, आणि अनुभवाबद्दलचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. ते तिचं आहे, इथे देत नाही.

पाचव्या आठवड्यात वर्ग स्वतःच्याच शिकवणीच्या विरोधात गेला. त्यांच्या ॲपवर रोज सकाळी एक वाक्य येतं: 'मी सर्वोत्तम आहे', 'मी प्रेमास पात्र आहे', आणि ते तीनदा म्हणायला सांगतात. जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास नेमका यावर आहे. आपण प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहोत, हे वाक्य घंटा वाजली की मनात म्हणायला सांगितलं, तेव्हा मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. मनात लगेच 'पण मी तशी नाही' अशी यादी सुरू होते. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ते वाक्य टोचतं. त्याहून वाईट म्हणजे ॲपवर क्रमवारी आहे. कुणी किती नोंदी केल्या, कोण पहिलं, कोण शेवटचं. तुलनेने माणूस कसा आक्रसतो हे तिसऱ्या आठवड्यात शिकवायचं आणि फोनवर रोज आपला क्रमांक दाखवायचा? मी आठवी होते. आठवी असल्याचं मला वाईट वाटत होतं आणि मी नोंदी वाढवायला म्हणून किरकोळ गोष्टी लिहू लागले होते, हे लक्षात आल्यावर ॲप काढून टाकलं. शिवाय त्यात टाइप केलेल्या नोंदी दोनदा गायब झाल्या. वही हाताने लिहा.

हे मी सत्रात मांडलं. ताई थोड्या ताठ झाल्या. म्हणाल्या, ''आधीच्या सगळ्या तुकड्यांना हे आवडलं होतं. काहींना सुरुवातीला जड जातं.'' आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. मी गप्प बसले. सहाव्या शनिवारी सत्र सुरू करताना त्यांनी आधी स्वतःची वही उघडली. मागच्या शनिवारची नोंद वाचली: वेळ, मी काय म्हटलं, छातीत काय झालं, आणि मनातलं पहिलं वाक्य, 'हिला पहिल्यापासूनच खोट काढायची सवय आहे.' मग म्हणाल्या की ॲप त्यांनी स्वतः बनवून घेतलं आहे, त्यावर दोन वर्षं घातली आहेत, म्हणून ते झोंबलं. सकाळची वाक्यं बंद करता येतील अशी सोय केली जाईल. क्रमवारीचा निर्णय त्यांच्या एकटीच्या हातात नाही. मी हे लिहीपर्यंत क्रमवारी तशीच आहे.

त्या दहा मिनिटांसाठी मी या वर्गाला त्याच्या ॲपसकट माफ करायला तयार आहे. शिकवणाऱ्या माणसाने आपली नोंद उघडून वाचणं मी आजवर पाहिलं नव्हतं.

कुणी लावावा? ज्यांचं काम रोज कुणीतरी तपासतं त्यांनी. शिकवणारे, लिहिणारे, गाणारे, दुसऱ्यांवर देखरेख करणारे, आणि खास करून आपल्या कामात जुने झालेले लोक, कारण नवख्याला चुकायची मुभा असते, जुन्याला ती स्वतःच स्वतःला देत नाही. सध्या मन फार नाजूक असेल तर आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा; हा वर्ग उपचार नाही आणि ताई तसा दावाही करत नाहीत. आत्मविश्वास वाढेल या आशेने येऊ नका. शेवटी पुन्हा तीच प्रश्नावली भरली, मला ३० आले. एक गुण. नऊ नोंदी खापर फोडणाऱ्या असायच्या, शेवटच्या आठवड्यात चार होत्या. हा आकडा माझ्यापुरता मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

वर्ग संपून दोन महिने झाल्यावर मी मैत्रिणीला पूर्ण शब्दसूची पाठवली, टिपांसह. सोबत लिहिलं की ही चार वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती, तेव्हाही ती नीट लावलेलीच होती. तिचा फोन आला नाही. तीन दिवसांनी सूचीच परत आली, सहा शब्दांवर तिच्या खुणा होत्या. कायद्याच्या भाषेत संमतिपत्रातले ते शब्द वेगळ्या अर्थाने वाचले जातात, असं तिने प्रत्येक शब्दापुढे नेमकं समजावून लिहिलं होतं. चार मी त्याच संध्याकाळी बदलले. उरलेले दोन दुसऱ्या दिवशी सकाळी, वहीत नोंद केल्यावर.